नोटांच्या चुण्या काढायच्या तर: इस्त्री बरी की ओलसर डबा?

आजी गेल्यावर तिची संदूक उघडली, तेव्हा तळाशी लुगड्यांच्या खाली बटवा सापडला. आत नोटा होत्या, सगळ्या आठपदरी दुमडलेल्या. आजीची पद्धतच तशी. नोट आधी उभी मोडायची, मग आडवी, मग परत एकदा, आणि प्रत्येक वेळी अंगठ्याच्या नखानं कड दाबून घ्यायची, म्हणजे बटव्यात कमी जागा लागते. दहाच्या, विसाच्या, शंभराच्या बऱ्याच, पाचशेच्या थोड्या, आणि सगळ्यांत आत जुन्या चिंधीत गुंडाळलेली दहाची एक हाली नोट, म्हणजे निजामाच्या राज्यातली. वडील एवढंच म्हणाले, "नीट सरळ करून ठेव. लई कष्टाच्या आहेत."

माझं सेलूत जनरल स्टोअर्स आहे, त्यामुळे चुरगळलेली नोट मला नवी नाही. बाजाराच्या दिवशी पदराच्या गाठीतून, बनियनच्या खिशातून, कमरेच्या पिशवीतून अशा नोटा येतात की घामानं त्यांच्या गोळ्या झालेल्या असतात. त्या गल्ल्यात मी आजवर हातानंच सरळ केल्या. आजीच्या नोटांसाठी मात्र पहिल्यांदा नीट विचार केला. उन्हाळाभर आणि पुढे पावसाळ्यातही इस्त्री आणि ओलसर डबा (म्हणजे नोट बंद डब्यात दमट हवेवर मऊ करून मग वजनाखाली वाळवणं) या दोन्ही रीती वापरून पाहिल्या. तुम्हीही यातलं एक निवडायच्या विचारात असाल तर माझा अनुभव कामाला येईल असं वाटतं.

आधी एक सांगतो, म्हणजे काहींचे कष्ट वाचतील. नोट फक्त बँकेत बदलायची असेल तर सरळ करायच्या भानगडीत पडू नका. मळकी, चुरमडलेली नोट कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेत काउंटरवर बदलून मिळते, तिथं खातं असण्याचीही गरज नाही. घडीवर फाटून दोन तुकडे झाले असतील तरी रिझर्व्ह बँकेचे 2009 चे नियम आहेत. चुण्या काढायची खरी गरज पडते ती पैसे भरायच्या मशीनला, लग्नातल्या नोटांच्या हाराला, आहेराच्या पाकिटाला, किंवा माझ्यासारखं घरातलं जुनं जपायचं असेल तेव्हा.

वहीत दाबून ठेवायची रीत सगळ्यांनीच केलेली असते, तिच्यावर फार लिहीत नाही. दुकानाच्या जाड खातेवहीत आठ दिवस ठेवलेली नोट बाहेर काढली की छान दिसते, पण दुपारपर्यंत तिची घडी पुन्हा उभी राहते. कोरडा कागद नुसत्या वजनाला दाद देत नाही. हलक्या सुरकुतीला ही रीत पुरते, आजीच्या नखाच्या घडीला नाही.

आता इस्त्री. तिच्याबद्दल वाईट बोलायचं नाही, कारण झटपट काम करणारी तीच आहे. आमच्या गल्लीतले परीटकाका लग्नसराईत हाराच्या नोटा अशाच करून देतात. नोट सुती रुमालाखाली ठेवायची, वर पाण्याचा बारीक शिंतोडा द्यायचा, इस्त्री अगदी कोमट ठेवायची आणि घासायची नाही, नुसती टेकवून उचलायची. शंभर नोटांचं काम तासाभरात होतं. लांबून पाहिलं तर कोरीच वाटते.

परीटकाकांचा शिंतोडा उगाच नाही. आपल्या नोटेचा कागद लाकडाच्या लगद्याचा नसतो, तो कापसाचा असतो. परभणीच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको. सुती धोतर कोरडं इस्त्री केलं तर चुण्या तशाच राहतात, ओलसर असताना केलं तर काचेसारखं बसतं. कापसाच्या तंतूला ओल लागली की तो सैल होतो, आणि दाबाखाली वाळला की नव्या आकारात पक्का होतो. नोटेचंही तेच. म्हणजे काम खरं तर पाणी आणि दाब करतात. इस्त्रीची उष्णता फक्त घाई करते.

आणि त्या घाईतच माझी अडचण झाली. आजीच्या नोटांना हात लावायच्या आधी दुकानातल्या पाचशेच्या दहा नोटा मी इस्त्रीखाली घातल्या. सरळ झाल्या, मी खूश. दुसऱ्या दिवशी त्याच घेऊन बँकेच्या पैसे भरायच्या मशीनवर गेलो. मशीननं सात घेतल्या आणि तीन परत दिल्या. तोंड बदलून घातल्या, परत दिल्या. रांगेत मागं माणसं उभी, तिथं जास्त वेळ पाहताही येईना. घरी येऊन त्या तीन नोटा ट्यूबलाइटखाली तिरप्या धरल्या तेव्हा कळलं. नोट सगळीकडून सपाट होती, फक्त सुरक्षा दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना बारीक लाट उठली होती, ज्वारीचा पापड वाळताना त्याची कड उठते तशी. बोट फिरवलं तर नखाला लागत होती.

दोरा प्लास्टिकचा असतो. तापला की प्लास्टिक आकसतं, कापसाचा कागद तसा आकसत नाही. दोरा किंचित आखूड झाला की आजूबाजूचा कागद गोळा होतो. मग ती चुणी कितीही दाबली तरी जात नाही, कारण ती घडीतून आलेलीच नसते, नोटेच्या आतून ओढलेली असते. मी त्या तीन नोटांवर नंतर ओलसर डब्याचा प्रयोगही केला. बाकीच्या सुरकुत्या गेल्या, दोऱ्याची लाट राहिली. पुढे इस्त्री आणखी कमी तापवून पाहिली, जाड कापड घालून पाहिलं. काही नोटा चांगल्या निघाल्या, काहींना ती लाट आलीच. कुठल्या नोटेला येईल हे आधी सांगता येत नाही, आणि माझं मन तिथंच इस्त्रीवरून उडालं. घडी निदान आजीच्या हाताची होती. लाट मी घातलेली.

आमच्या दुकानाशेजारी अगरबत्ती विकणारे एक काका बसतात. त्यांना दिसत नाही. नोट ते बोटांनी ओळखतात. शंभराच्या नोटेच्या कडेला चार तिरप्या उठावदार रेघा असतात, पाचशेच्या नोटेला पाच, आणि दोनशेच्या नोटेला चार रेघा नि मध्ये दोन छोटी वर्तुळं. गांधीजींचं चित्र आणि अशोकस्तंभही हाताला उठून लागतात. मी इस्त्री केलेली शंभराची नोट त्यांना दिली, काही न सांगता. त्यांनी कडेवरून अंगठा दोनदा फिरवला, मग तिसऱ्यांदा. म्हणाले, "शंभरचीच हाये, पण अशी कामून गुळगुळीत लागायली? धुतली का काय?" त्यांना नोट ओळखू आली, नाही असं नाही. पण एरवी एकदा अंगठा फिरवला की ते सांगतात, तिथं तीनदा फिरवावा लागला. हे मोजमाप नव्हे, पण मला पुरलं. छत्रपती संभाजीनगरला जुन्या नोटांचा व्यवहार करणाऱ्या एकानंही मला हेच सांगितलं होतं: दाबलेली नोट डोळ्याला नाही तर बोटाला कळते, आणि कळली की भाव उतरतो.

काही जण आधी नोट धुतात, म्हणून तेही सांगून टाकतो. साबणाच्या पावडरीत नोट कधीच घालू नका. पावडरीत कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून घातलेली द्रव्यं असतात, आणि ती निळ्या-जांभळ्या दिव्याखाली चमकतात. नोटेचा कागद मुद्दाम न चमकणारा केलेला असतो, चमकायचं ते फक्त ठरावीक धागे आणि आकडे. धुतलेली खरी नोट त्या दिव्याखाली धरली की सगळी उजळते आणि पाहणाऱ्याला खोटी वाटते. माझ्याकडे मोजायच्या मशीनला तसा दिवा आहे. एका गिऱ्हाइकाची वॉशिंग मशीनमध्ये फिरून आलेली नोट त्यानं अशीच अडवली होती. बिचाऱ्याला वीस मिनिटं समजावत बसावं लागलं.

आता ओलसर डबा. जुने कागदपत्र जपणारे लोक कागदाला थेट पाणी लावत नाहीत, दमट हवेत ठेवतात. तीच ही रीत, फक्त घरातल्या भांड्यांनी. मी दिवाळीच्या फराळाचा मोठा स्टीलचा डबा घेतला. तळाशी जाड टॉवेल ओला करून, घट्ट पिळून अंथरला. त्यावर पिठाची चाळणी पालथी घातली, चाळणीवर पातळ मलमलचा तुकडा, आणि त्यावर नोटा सुट्या सुट्या, एकमेकींना न चिकटता. नोटेला पाण्याचा थेंब लागता कामा नये, नुसती दमट हवा लागायला हवी. झाकणाच्या आतून जुना पंचा बांधला, कारण झाकणाला दंव धरलं तर ते टपकतं. झाकण लावून डबा घरातल्या सगळ्यांत गार कोपऱ्यात ठेवला.

उन्हाळ्यात दीड ते दोन तास लागतात. झालं की नाही हे बोटानं कळतं. नोट हातात घेतली की तिचा तो कडकडीत आवाज गेलेला असतो, आणि ती रात्रभर झाकलेल्या भाकरीसारखी मऊ लागते. ओली नाही, फक्त मऊ. तेव्हा घडी उलगडायची, जोर न लावता, दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी मधून बाहेर. जिथं कोपरा दुमडून चिकटलाय तिथं मी आजीच्याच विणायच्या सुईचं बोथट टोक वापरलं.

मग दाब. दोन टिपकागदांच्या मध्ये नोट, त्याखाली आणि वर शाबादी फरशीचा गुळगुळीत तुकडा. आमच्या बायकोनं आधी पाटा काढून दिला होता, पण पाट्याला टाकी लावलेली असते, तिचे ठिपके नोटेवर उमटतात. फरशी बरी. फरशीवर दुकानातलं पाच किलोचं वजन. पहिल्या दिवशी टिपकागद दोन-तीन तासांनी बदलायचा, दुसऱ्या दिवशी एकदा, आणि त्यानंतर तिसऱ्या दिवसापर्यंत उघडायचं नाही. वजनाखालीच पूर्ण वाळू द्यायचं, ही यातली मुख्य गोष्ट. अर्धी ओली नोट बाहेर काढली तर तिच्या सगळ्या अंगभर लाटा येतात आणि परत पहिल्यापासून करावं लागतं. घाईनं एक विसाची नोट मी तशी बिघडवली आणि पुन्हा डब्यात घालून दुरुस्त केली. इस्त्रीची चूक अशी परत घेता येत नाही.

त्या विसाच्या नोटेवर मागं वेरूळचं कैलास लेणं आहे. 2019 साली ही पिवळट-हिरवी नोट आली तेव्हा आजीनं ती मला दाखवून म्हटलं होतं, "बघ, आपलं वेरूळ." तीच नोट तिनं नंतर आठपदरी मोडून ठेवली. नेमकी लेण्याच्या मधोमध घडी. डब्यातून आणि फरशीखालून निघाल्यावर घडीचा उठाव गेला, पण बारीक पांढरी रेघ राहिली. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. नखानं दाबलेल्या घडीवर शाई झिजून गेलेली असते आणि कागदाचे तंतू तुटलेले असतात. ते कुठल्याच रीतीनं परत येत नाहीत, ना इस्त्रीनं, ना डब्यानं. फरक एवढाच की इस्त्री त्या तुटक्या तंतूंना तापवून आणखी कडक करते. इस्त्री केलेल्या जुन्या दोन नोटा पुढे त्याच रेघेवर फाटल्या. डब्यातल्या अजून फाटल्या नाहीत. यावरून फार मोठा निष्कर्ष काढावा असं नाही.

पाण्याची भीती वाटत असेल तर एक गोष्ट आठवा. 2 जुलै 1918 ला 'एस. एस. शिराला' नावाचं जहाज लंडनहून मुंबईकडे येताना जर्मन पाणबुडीनं बुडवलं. त्यात आपल्याकडे चालायच्या नोटा होत्या, आणि त्यातल्या काही समुद्रातून वाहत किनाऱ्याला लागल्या. त्यातल्या दहा-दहा रुपयांच्या दोन नोटांचा 2024 साली लंडनमध्ये लिलाव झाला. शंभर वर्षांपूर्वी खाऱ्या पाण्यातून निघालेला कागद अजून आहे. घरच्या डब्यातली दमट हवा त्यापुढे काय!

भीती असेल तर ती शाईची. छापील शाई टिकते, पण नोटेवर पेनानं लिहिलेलं किंवा जांभळ्या शिक्क्याचं काही असेल तर ओल लागून ते पसरतं. आजीच्या एका शंभराच्या नोटेवर कुणीतरी शाईच्या पेनानं हिशोब लिहिला होता. दोन तासांत त्या आकड्यांभोवती निळसर वलय आलं. तेव्हापासून लिहिलेली नोट मी पाऊण तासाच्या वर ठेवत नाही, आणि दर दहा मिनिटांनी पाहतो.

दुसरी अडचण पावसाळ्याची. मे महिन्यात आमच्याकडे पारा बेचाळीसच्या वर असतो, टिपकागद तासाभरात कोरडा होतो आणि तिसऱ्या दिवशी नोट पुन्हा कडकडीत वाजते. श्रावणात तेच काम आठवडाभर चाललं, आणि एकदा टिपकागद बदलायचा राहिला तर त्याला कुबट वास सुटला. नोटेला बुरशी धरली नव्हती, पण धरायच्या बेतात होती. म्हणून ज्यांना जमेल त्यांनी हे काम होळी ते मृग या दिवसांत करावं. पावसाळ्यात करायचंच असेल तर डब्यात तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका आणि टिपकागद सकाळ-संध्याकाळ बदला.

हाली नोटेचं वेगळं. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हाचं हे चलन, 1918 पासून कागदावर आलेलं. सुरुवातीच्या नोटा लंडनच्या वॉटरलो अँड सन्सनं छापल्या होत्या. एकाच नोटेवर उर्दू, इंग्रजी, मराठी, तेलुगू आणि कन्नड. आजी सांगायची, हालीचे सात म्हणजे कलदार (निजामाच्या राज्याबाहेर चालणारे रुपये) सहा, बाजारात दोन्ही चालायचे आणि प्रत्येक सौद्यात आधी विचारावं लागायचं, हाली का कलदार? 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद मुक्त झाल्यानंतरही काही वर्षं हाली चालत राहिला, 1959 साली बंद झाला. तिच्या वडिलांनी दिलेली ही दहाची नोट तिनं खर्च केली नाही, बदलून घेतली नाही.

या नोटेला इस्त्री लावायचा विचारही करू नये असं मला वाटतं. नव्या नोटेसारखा प्लास्टिकचा दोरा इथं आडवा येत नाही, हे खरं. पण कागद इतका जुना आहे की थोड्याशा उष्णतेनं तो पिवळा पडून ठिसूळ होईल. मी ती डब्यात चाळीस मिनिटं ठेवली, तेही माझ्या डोळ्यांसमोर. घड्या उलगडल्या, पण पूर्ण दाबल्या नाहीत. टिपकागदात नुसत्या एका वहीच्या वजनाखाली दहा दिवस ठेवली. आठ घरं अजून दिसतात. संभाजीनगरच्या त्या व्यापाऱ्याला फोटो दाखवला तर तो म्हणाला, बरं केलंत, यापेक्षा सरळ केली असती तर कुणी विश्वास ठेवला नसता.

मग कुणी काय करावं? लग्न परवावर आलंय आणि हारासाठी दहाच्या शंभर नोटा आहेत, तर परीटकाकांकडेच जा, त्याला पर्याय नाही. फक्त त्यांना सांगा की दोऱ्याची रेघ सोडून दोन्ही बाजूंनी टेकवा, दोऱ्यावर इस्त्री थांबवू नका. ते ऐकतात. मशीनमध्ये भरायच्या नोटा असतील आणि दोन-तीन दिवस हातात असतील, तर माझ्या मते डबा. निदान माझ्या डब्यातल्या नोटा मशीननं आजवर परत दिलेल्या नाहीत. शंभर-दीडशे नोटांच्या वर काम असेल तर डबा जड जातो, एका वेळी पंधरा-वीसच बसतात, हे मान्य. आणि जपायच्या नोटांना मी तरी डब्याशिवाय दुसरं काही लावणार नाही.

सरळ झालेल्या नोटा परत रबरात बांधू नका. उन्हाळ्यात रबर वितळून कागदाला चिकटतं. बाजारात मिळणारी मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटंही टाळा, ती नोटेवर चिकट थर सोडतात. मी साध्या पांढऱ्या कागदाच्या घड्या करून प्रत्येक नोट वेगळी ठेवली आणि सगळ्या एका पत्र्याच्या पेटीत घातल्या. पेटीच्या कोपऱ्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला आहे, आजी लुगड्यांत घालायची तोच. पेटीवर वडिलांनी स्वतःच्या हातानं कागद चिकटवलाय. त्यावर नोटांचा आकडा लिहिलेला नाही, नुसतं आजीचं नाव आहे.